दिवाणखाना गार, संडास गरम: फरशीखालच्या हीटिंगचं पाणी फिरेना

तळपाय | ६ डिसेंबर

मंडळी, थोडी मदत हवी आहे. विषय इंग्लंडातला आहे, पण इथे पाण्याची आणि पायपांची जाण असणारे बरेच आहेत म्हणून विचारते.

आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. घर चार वर्षांपूर्वी घेतलं. आधीच्या मालकाने मागच्या बाजूला वाढवून घेतलेलं आहे आणि खालच्या मजल्यावर सगळीकडे फरशीखालचं हीटिंग टाकलंय. म्हणजे काँक्रीटच्या थरात प्लॅस्टिकचे पाइप, त्यातून कोमट पाणी फिरतं आणि फरशी ऊबदार होते. वरच्या मजल्यावर नेहमीचे रेडिएटर. बॉयलर गॅसचा, दोन्हीला एकच.

वर रेडिएटरला हात लावता येत नाही इतके तापतात. खाली मात्र दिवाणखान्यात पाय ठेववत नाही. आणि गंमत अशी की खालचा छोटा संडास भट्टीसारखा गरम.

जिन्याखालच्या कपाटात मॅनिफोल्ड आहे, म्हणजे पाणी वाटणाऱ्या दोन दांड्या, सहा लूपचा (लूप म्हणजे फरशीखालून फिरून परत येणारा एकेक पाइप). प्रत्येकावर काचेची छोटी नळी, त्यात मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दिसतं. सगळे थर्मोस्टॅट वर करून आज रात्री घेतलेले आकडे:

१ पॅसेज: १
२ स्वयंपाकघर: ०.५
३ स्वयंपाकघर: ०.५
४ दिवाणखाना: ०
५ दिवाणखाना: ०
६ संडास: ३.५

मॅनिफोल्डवर दोन काटे आहेत. जाणारं पाणी ४२ अंश, येणारं ३८-३९. पंप चालू आहे, बारीक गुणगुणतो. बॉयलरचं प्रेशर १.२ बार आहे (महिन्यातून एकदा थोडं भरावं लागतं, ते नेहमीचंच).

मागच्या हिवाळ्यात एक प्लंबर बोलावला होता. "हवा अडकलीय" म्हणाला, कुठूनतरी फुस्स केलं, ९० पौंड घेतले. पंधरा दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. या वर्षी त्यालाच विचारलं तर म्हणाला सगळी सिस्टीम पॉवरफ्लश करावी लागेल, म्हणजे जोराच्या पाण्याने आतून धुवावी लागेल, ७०० पौंड.

२० तारखेला सांगलीहून आई येतेय. तिला खाली बसून भाजी निवडायची, पोथी वाचायची सवय. त्याआधी काही होईल का?

गप्पीदास | ६ डिसेंबर

संडासातच पाट मांडा. सोवळ्याचा प्रश्न येईल तेवढाच.

(दिवा घ्या हो, म्हणजे हलकेच घ्या.)

सरळसोट | ७ डिसेंबर

पाणी पोचत नाही म्हणजे पंप कमी पडतोय. मोठा पंप बसवा, विषय संपला. आमच्या सोसायटीत सहाव्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं तेव्हा हेच केलं होतं.

हायड्रॉनिक | ७ डिसेंबर

सरळसोट, थांबा. सहाव्या मजल्यावर पाणी चढवणं आणि बंद चक्रात पाणी फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे पंपाला काही वर चढवायचं नाहीये, फक्त पाइपाचं घर्षण मारायचं आहे. आणि प्रवाह दुप्पट करायचा तर दाब जवळपास चौपट लागतो. मोठा पंप लावला तर आधी संडासाचा लूपच शिट्टी वाजवायला लागेल.

तळपाय, मी मँचेस्टरजवळ याच कामात आहे. नव्या इमारतींची हीटिंगची डिझाइनं करतो. तुमचे आकडे बोलके आहेत. पहिला प्रश्न नेहमी हाच: उष्णता येत नाही की पाणी येत नाही? जाणारं पाणी ४२ आहे, म्हणजे बॉयलर, झोन व्हॉल्व्ह (खालच्या मजल्याची वाट उघडणारा) आणि मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात गार मिसळणारा) आपापलं काम करताहेत. त्यांना हात लावू नका. प्रश्न मॅनिफोल्डच्या पुढचा आहे.

आता तीन गोष्टी करून बघा, पैसे लागणार नाहीत.

खालच्या दांडीवर प्रत्येक लूपला पांढरी टोपी असेल, वायर आलेली. तो ॲक्च्युएटर, थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर लूप उघडणारा-मिटणारा. ४ आणि ५ च्या टोप्या हाताने फिरवून काढा. खाली एक बारीक पिन दिसेल. टोपी निघाली की पिन स्प्रिंगने वर आली पाहिजे. वर म्हणजे लूप उघडा. बोटाने किंवा पान्याच्या सपाट बाजूने दाबा, सोडा, परत वर येते का बघा. पकडीने ओढू नका. पिन हातात येईल आणि पाण्याची पिचकारी कपाटभर उडेल.

दुसरं, संडासाचा लूप पूर्ण बंद करा आणि बाकीच्यांचे आकडे हलतात का ते बघा.

तिसरं, पंपावर कोणता दिवा लागलाय, कोणती खूण आहे, ते सांगा.

तळपाय | ७ डिसेंबर

केलं सगळं. नवऱ्याने टॉर्च धरला, मी आत शिरले.

४ ची पिन छान वर आली. ५ ची आली नाही, खालीच बसून आहे. दाबली तरी ढिम्म.

संडास बंद केल्यावर १ चा आकडा दीडवर, २ आणि ३ एकेकावर, ४ ला अर्धा लिटर दिसायला लागलं! ५ शून्यच.

पंपावर खूण आहे ती अशी तिरकी, वर चढत जाणाऱ्या रेषेची. शेजारी आडव्या रेषेची पण आहे, ती विझलेली.

टेलएंड | ८ डिसेंबर

ताई, मी सांगोल्याचा. डाळिंबाची बाग आहे. हीटिंग काय असतं ते मला ठावं नाही, आमच्याकडं मे महिन्यात फरशी फुकट तापते. पण तुमचे आकडे वाचले आणि हसू आलं. हा तर आमच्या चारीचा, कालव्यावरून शेतात येणाऱ्या पाटाचा प्रश्न आहे.

तोंडाशी असलेला शेतकरी दार मोकळं ठेवतो, त्याचं रान तुडुंब, वाफे फुटायला आलेले. शेवटच्याच्या शेतात पाण्याचा थेंब नाही. मग शेवटचा म्हणतो कालव्याला पाणीच कमी सोडलंय. पाणी असतं तेवढंच असतं, ते वाटायला पाटकरी पाहिजे. शेजपाळीत, पाळीपाळीनं पाणी देताना, म्हणून पाणी टेलकडून हेडकडं द्यायची पद्धत. आधी शेवटच्याचं भिजवायचं, मग वर सरकायचं.

तुमच्या संडासाचं दार सताड उघडं आहे. ते चिमटा.

दुसरं. पाइप किती एमएमचा आहे? आणि पाण्याला फिल्टर कुठं आहे का?

तळपाय | ८ डिसेंबर

दादा, पाइपावर १६ x २ लिहिलंय. फिल्टर... बॉयलरच्या खाली एक काळा डबा आहे, तो फिल्टर असावा. आम्ही कधी उघडलेला नाही.

टेलएंड | ८ डिसेंबर

१६ एमएम! आमची ठिबकची लॅटरल, झाडांच्या ओळीतली नळी, पण १६ चीच. मग हे घरचंच काम झालं की.

चार वर्षं फिल्टर उघडला नाही म्हणताय. आम्ही फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशी दाबाची दोन घड्याळं लावतो, दोन्हीत अर्ध्या किलो दाबाचा फरक पडला की धुवायला घेतो. चार वर्षं नाही उघडला तर झाडं वाळतील.

श्टुटगार्टकर | ८ डिसेंबर

टेलएंड यांचा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). 

जर्मनीत याला 'हायड्रॉलिशर आबग्लाइश' म्हणतात, पाण्याचं वाटप जुळवणं, आणि त्याचा हिशोब कागदावर करून द्यावा लागतो. मी तुमच्यासाठी ढोबळ हिशोब करतो. खोल्यांचं क्षेत्रफळ द्याल का?

तळपाय | ८ डिसेंबर

दिवाणखाना २४ चौ. मी., स्वयंपाकघर-जेवणाची जागा तेवढीच, पॅसेज ८, संडास ४. पाइपांतलं अंतर १५ सेंमी असावं. आधीच्या मालकाने काँक्रीट ओतण्याआधीचा एक फोटो ठेवला होता त्यावरून.

श्टुटगार्टकर | ९ डिसेंबर

उत्तम. तो फोटो जपा, सोन्याहून मोलाचा आहे. उद्या भिंतीला ड्रिल मारताना कळेल.

१५ सेंमी अंतर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६.७ मीटर पाइप. दिवाणखान्याचे दोन लूप ८०-८० मीटरचे. स्वयंपाकघराचे तसेच. पॅसेज ५३. संडास फक्त २७ मीटर. पाणी आळशी असतं, २७ मीटरचा रस्ता मोकळा असताना ८० मीटरच्या रस्त्याने कशाला जाईल?

आता लागतं किती ते बघू. चौरस मीटरला ६० वॉट धरू. पाणी ७ अंशांनी थंड होऊन परत येतं असं धरलं तर मिनिटाला १ लिटर पाणी साधारण ४९० वॉट उष्णता खोलीत सोडतं. दिवाणखान्याला १४४० वॉट हवे, म्हणजे ३ लिटर, दोन लूपांत दीड-दीड. स्वयंपाकघर तसंच. पॅसेज १. संडासाला २४० वॉट, म्हणजे अर्धा लिटर.

संडास घेतोय साडेतीन. गरजेच्या सातपट! त्यातलं पाणी जेमतेम एक अंश थंड होऊन परत येत असणार. म्हणून तुमचा परतीचा काटा ३८-३९ दाखवतोय. वरवर बघणारा म्हणेल, वा, किती छान गरम पाणी परत येतंय. ते दिवाणखान्यातून आलेलंच नाही.

सगळे मिळून ७.५ लिटर हवेत. तुमच्याकडे ५.५ फिरतंय. म्हणजे वाटप चुकलंय हे खरंच, पण एकूण पाणीही कमी आहे. कुठेतरी अडथळा आहे.

सरळसोट | ९ डिसेंबर

म्हणजे मोठा पंप लागणारच की नाही शेवटी?

हायड्रॉनिक | ९ डिसेंबर

नाही :)

आहे तो पंपच चुकीच्या चालीत आहे. तिरकी रेष म्हणजे प्रपोर्शनल प्रेशर. पाणी कमी लागतंय असं वाटलं की हा पंप दाबही कमी करतो. रेडिएटरसाठी ठीक आहे. फरशीखालच्या लांब लूपांना मात्र दाब कायम लागतो. आडवी रेष, म्हणजे कॉन्स्टंट प्रेशर, त्यावर टाका. बटण दाबून बदलतं. बसवणारे पेटीतून पंप काढतात, जशाच्या तसा लावतात, आणि तो वर्षानुवर्षं त्याच खुणेवर राहतो. मी स्वतः किती घरांत बघितलंय ते सांगत नाही, आमच्याच धंद्याची लाज निघेल.

५ ची पिन: डब्ल्यूडी-४० नको, थोडा सिलिकॉनचा स्प्रे पिनच्या बुडाशी मारा, दहा मिनिटं थांबा, मग लाकडी तुकड्याने हलके टिचक्या मारत दाबा-सोडा. उन्हाळाभर बंद राहिली की चिकटते.

आणि एक प्रश्न, जो मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. तुम्ही धाग्याच्या सुरुवातीलाच कंसात लिहून गेलात, "महिन्यातून एकदा थोडं भरावं लागतं, ते नेहमीचंच". किती थोडं? कधीपासून?

तळपाय | १० डिसेंबर

घर घेतल्यापासून. महिन्याभरात १.२ वरून ०.७-०.८ ला येतं, मग बॉयलरखालची चावी फिरवून भरते. शेजारीणही भरते, म्हणून मला वाटलं सगळेच भरतात.

बाकी प्रगती: ५ ची पिन सुटली! विसेक टिचक्यांनंतर टक् करून वर आली. नवऱ्याने टाळी वाजवली. पंप आडव्या रेषेवर टाकला. संडास चिमटून अर्ध्यावर आणला. आता आकडे: १.५, १, १, १, ०.५, ०.५.

म्हणजे सुधारलं, पण हिशोबापेक्षा कमीच.

आणि एक विचित्र प्रकार. मॅनिफोल्डच्या टोकाला जी काढायची तोटी आहे ती जराशी उघडून वाटीत पाणी घेतलं. शाईसारखं काळं. मला वाटलं पाइप कुजले. फोटो टाकलाय.

गप्पीदास | १० डिसेंबर

फोटो पाहिला. आमच्याकडे याला कोल्हापुरी कट म्हणतात, पण तो लाल असतो.

हायड्रॉनिक | १० डिसेंबर

ती वाटी फेकू नका. फ्रिजवर लोहचुंबक असेल ना? वाटीच्या बाहेरून लावा आणि हळूहळू सरकवा.

तळपाय | १० डिसेंबर

फ्रिजवर सिद्धिविनायक आहे, चुंबकवाला. त्याला नमस्कार करून लावला. काळं सगळं एका बाजूला गोळा झालं आणि चुंबकामागे फिरतंय!! मुलगा तासभर तेच खेळतोय.

हायड्रॉनिक | १० डिसेंबर

मग उलगडा झाला. हे मॅग्नेटाइट. लोखंडाचा काळा गंज. तुमचे प्लॅस्टिकचे पाइप कुजलेले नाहीत, प्लॅस्टिक गंजत नाही. हा गंज वरच्या मजल्यावरच्या पोलादी रेडिएटरांचा आहे.

बंद सिस्टीममध्ये पहिल्या पाण्यातला ऑक्सिजन थोडाफार गंज करून संपतो आणि मग पाणी निपचित पडून राहतं. वर्षानुवर्षं त्याच पाण्यावर चालतं. पण दर महिन्याला ताजं पाणी भरलं की ताजा ऑक्सिजन. ताजा ऑक्सिजन म्हणजे ताजा गंज. शिवाय प्रत्येक वेळी इनहिबिटर, म्हणजे गंजरोधक औषध, थोडं थोडं पातळ होत जातं. चार वर्षांत अठ्ठेचाळीस वेळा भरलंत. तो गंज पाण्याबरोबर खाली येतो आणि जिथे वाट अरुंद तिथे बसतो: फ्लो मीटरच्या नळ्या, पिनांच्या बैठका, मिक्सिंग व्हॉल्व्ह. रेडिएटरची नळी रुंद, तिथे फरक कळत नाही. म्हणून वर सगळं झकास आणि खाली दुष्काळ.

हवा अडकायचं कारणही तेच. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटी होते.

म्हणजे आधी गळती शोधा. नाहीतर ७०० पौंडांचा फ्लश करूनही दोन वर्षांत पुन्हा इथेच धागा काढाल. रेडिएटरांच्या व्हॉल्व्हखाली, नटांभोवती हिरवट किंवा पांढरट पापुद्रा दिसतो का बघा. ओलं दिसणार नाही, गरम असल्याने थेंब तिथल्या तिथे सुकतो. काहीच सापडलं नाही तर एक्स्पान्शन व्हेसलची, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीची, हवा गेलेली असू शकते. ते बॉयलरच्या आत असतं, तिथे मात्र गॅस सेफ (इथली गॅस कारागिरांची नोंदणी) असलेल्या माणसालाच हात लावू द्या.

श्टुटगार्टकर | ११ डिसेंबर

+१. इथे जर्मनीत तर नळाचं पाणी सरळ भरूच नका म्हणतात. पाण्याच्या दर्जासाठी व्हीडीआय २०३५ नावाची मार्गदर्शिका आहे, त्यानुसार बरेच जण क्षार काढलेलं पाणी भरतात. 

अवांतर: जुन्या घरांत आणखी एक गोची असते. सुरुवातीच्या काळातल्या प्लॅस्टिक पाइपांना ऑक्सिजन अडवणारा थर नव्हता. हवेतला ऑक्सिजन पाइपाच्या भिंतीतून आत झिरपायचा आणि कितीही गळत्या बंद केल्या तरी गंज चालूच. नंतर डीआयएन ४७२६ हे मानक आलं. तळपाय यांचं काम नवं आहे, पाइपावर तसं छापलेलं असेल, एकदा खात्री करा.

हीटपंपवाली | ११ डिसेंबर

मध्येच घुसते, माफ करा. आम्ही स्कॉटलंडमध्ये, गॅस काढून हीट पंप घेतला, बाहेरची ऊब खेचून पाणी तापवणारा. बसवणाऱ्याने जुना मिक्सिंग व्हॉल्व्ह तसाच ठेवलाय. आमच्याकडेही प्रवाह कमी. संबंध असेल?

हायड्रॉनिक | ११ डिसेंबर

बहुतेक आहे. बॉयलर ६०-७० अंशांचं पाणी देतो, ते ४० वर आणायला मिसळणं भाग असतं. हीट पंप मुळातच ३५-४० चं पाणी देतो, मग मिसळून अजून थंड करायचं कशाला? तो व्हॉल्व्ह नुसता अडथळा. बसवणाऱ्याला विचारा. पण वेगळा धागा काढा, इथे आईंची २० तारीख जवळ येतेय.

तळपाय | १२ डिसेंबर

गळती सापडली! वरच्या न्हाणीघरात टॉवेल वाळवायचा रेडिएटर आहे, त्याच्या मागच्या नटावर पांढरा फुलोरा. गेली चार वर्षं मी तो साबणाचा समजून पुसत होते. नवऱ्याने पाना लावून पाव फेरा आवळला. टिश्यू पेपर बांधून ठेवलाय, सकाळपासून कोरडा.

आता शनिवारी फ्लश घरीच करायचा म्हणतो. पायऱ्या सांगाल का, घाबरट माणसाला कळतील अशा?

हायड्रॉनिक | १२ डिसेंबर

सांगतो. घाईत करू नका.

बॉयलर बंद, पंपाची वीज बंद, पाणी गार होऊ द्या. आधी बॉयलरखालचा काळा डबा: दोन्ही बाजूचे कॉक बंद करून उघडा, आतला चुंबक धुवा. जुनं वर्तमानपत्र अंथरा, तो चिखल पांढऱ्या फरशीवरून निघत नाही.

मग मॅनिफोल्ड. पंप आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद, म्हणजे बॉयलर आणि रेडिएटर यापासून तुटले. सगळ्या टोप्या काढा. मॅनिफोल्डबरोबर आलेल्या निळ्या झाकण्या असतील तर त्या पिनांवर लावून सहाही लूप बंद करा.

नळाची होज पाणी *जायच्या* दांडीच्या तोटीला, दुसरी होज *यायच्या* दांडीच्या तोटीला आणि तिचं टोक बादलीत. उलटं लावू नका, फ्लो मीटरमधून उलटा जोराचा प्रवाह गेला तर त्यांचं तोंड बिघडतं. नळाच्या बाजूला दुहेरी चेक व्हॉल्व्ह हवा, नाहीतर नळाचा दाब पडल्यावर हा काळा कट पिण्याच्या लाइनीत जाईल.

आता एकच लूप उघडा. नळ हळूहळू सोडा. एक लूप धुतला की बंद, मग पुढचा. सगळे एकदम उघडलेत तर पाणी परत संडासातूनच पळेल. मॅनिफोल्डवरच्या प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवा, ३ बारच्या बराच खाली राहू द्या.

काळं पाणी संडासात किंवा सिंकमध्ये ओता. अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या गटारात नको, ते सरळ ओढ्याला जातं.

श्टुटगार्टकर | १२ डिसेंबर

हिशोबाची एक गंमत. १६ x २ च्या पाइपाचं आतलं तोंड १२ मिमी, म्हणजे मीटरला ०.११ लिटर. ८० मीटरच्या लूपमध्ये ९ लिटर पाणी. तुमची १० लिटरची बादली भरली की एक लूप पूर्ण बदलला. प्रत्येकाला चार-पाच बादल्या द्या.

आणि जोर का लागतो ते पण सांगतो. मिनिटाला दीड लिटरने पाणी सेकंदाला जेमतेम २२ सेंमी सरकतं. त्याने ना गाळ हलत ना हवेचा बुडबुडा. फ्लशला ७-८ लिटर मिळाले तर मीटरभराच्या वर वेग येतो. तो दोघांनाही हुसकावतो.

टेलएंड | १३ डिसेंबर

आम्ही लॅटरलच्या एंड कॅप काढून अशाच एकेक ओळी धुतो. माझं एक ऐका ताई. लांबचा, सगळ्यात वाईट लूप पहिला धुवा. नळाला सकाळी जोर असतो आणि माणसालाही. संडासाचा शेवटी धुतला तरी चालतंय.

तळपाय | १४ डिसेंबर

झालं एकदाचं. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

सकाळी सातला सुरुवात. काळा डबा उघडला, चुंबकावर दोन बोटं जाड लेप, थेट पंचामृतातल्या साईसारखा चिकट, फक्त काळा. (आई हे वाचत असेल तर माफ कर.)

दादांचं ऐकून ५ पासून सुरुवात केली. नळ सोडला तर काहीच नाही. बादली कोरडी. दोन मिनिटं होज नुसती सुस्कारे टाकत होती. मग गुडगुड, मग एकदम एक ढेकर, आणि काळं पाणी धाडकन आलं, नवऱ्याच्या पायजम्यावर. तिसऱ्या बादलीत एक चिंधी आली. बघितलं तर पांढऱ्या टेफ्लॉनच्या टेपचा गुंडाळा, करंगळीच्या पेराएवढा! बसवताना आत राहिलेला. तो पिनच्या बैठकीवर बसला असणार. पिन चिकटल्याचं खापर आपण उगाच उन्हाळ्यावर फोडत होतो.

५ ला सहा बादल्या लागल्या, ४ ला पाच, बाकीच्यांना चार-चार. संडासाचं पाणी पहिल्या बादलीपासून स्वच्छ. अर्थातच!

१ आणि २ च्या काचा इतक्या काळ्या होत्या की आकडा अंदाजाने वाचत होते. आमच्या मॅनिफोल्डच्या काचा दाब काढल्यावर फिरवून निघतात, त्या जुन्या टूथब्रशने घासल्या. 

मग व्हॉल्व्ह उघडले, इनहिबिटर घातलं, १.३ पर्यंत भरलं. आकडे: १.५, २, २, २, २, संडास अर्धा. दहा लिटर! पंप तोच.

पण... आता नवीनच. दिवाणखान्याचा थर्मोस्टॅट वर केला तर स्वयंपाकघर तापतंय.

हायड्रॉनिक | १४ डिसेंबर

हाहा. वायरींची अदलाबदल. टोप्या परत लावताना कोणती कुठली ते लिहून ठेवलं होतं?

तळपाय | १४ डिसेंबर

... नाही. नंबरचे स्टिकर होते ना वायरींवर.

हायड्रॉनिक | १४ डिसेंबर

स्टिकरवर विश्वास ठेवू नका. सगळे थर्मोस्टॅट खाली आणा, फक्त एक वर करा. पाच मिनिटं थांबा, आतलं मेण तापायला तेवढा वेळ लागतो. कोणत्या टोपीची खूण वर येते ते बघा. ज्या खोलीचा थर्मोस्टॅट, त्याच खोलीच्या लूपावर ती टोपी. सहाही तपासा.

तळपाय | १५ डिसेंबर

३ आणि ४ चे स्टिकर उलटे होते. बसवल्यापासूनच असणार, कारण चिकट डिंकही जुनाच. म्हणजे इतकी वर्षं आम्ही दिवाणखान्यात थंडी वाजली की स्वयंपाकघरातला एक लूप उघडत होतो. बदललं.

आता हिशोबाप्रमाणे दीड-दीडवर आणलंय. पण दिवाणखाना अजून १७ वर. सकाळपासून चालू आहे.

श्टुटगार्टकर | १५ डिसेंबर

धीर धरा. काँक्रीटचा थर आहे तो, तवा नाही. पूर्ण गार पडलेल्याला पहिल्यांदा चढायला एक दिवस द्या. नंतर रात्री पूर्ण बंद करू नका, दोनेक अंश खाली ठेवा, बस. आणि घाई म्हणून मिक्सिंग व्हॉल्व्ह ५५ वर नेऊ नका. बसण्या-उठण्याच्या जागेत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये असं इथलं मानक सांगतं. त्याहून गरम झाली तर पाय जड पडतात.

सरळसोट | १५ डिसेंबर

पंप मोठा न घेता झालं हे मान्य. सोसायटीचा पंप घेताना ६८ हजार गेले होते, आता शंका येतेय की वरच्या मजल्याचा व्हॉल्व्हच अर्धा बंद होता.

टेलएंड | १५ डिसेंबर

सरळसोट साहेब, आता तो उघडून बघू नका. झोप जाईल.

तळपाय | २२ डिसेंबर

आई आली. दिवाणखाना २०.५. फरशी हाताला जेमतेम कोमट लागते, पण खोली ऊबदार. प्रेशर आठ दिवसांत १.३ वरून हललेलं नाही.

आईने आल्या आल्या फरशीला हात लावून बघितला, "बरी आहे गं" म्हणाली, आणि बॅगेतून घोंगडी काढून त्यावर अंथरली. सांगलीहून आणलेली, जाड. आता घोंगडीखाली फरशी गरम आणि घोंगडीवर आई गार.

श्टुटगार्टकर | २२ डिसेंबर

घोंगडी काढा!! लोकर म्हणजे उष्णतेला झाकण.

तळपाय | २२ डिसेंबर

तुम्ही सांगा तिला. मी फोन देते.

टेलएंड | २३ डिसेंबर

घोंगडी राहू द्या, फिल्टर परत कधी उघडताय ते सांगा. धुतल्यावर पहिल्या महिन्यात उरलेलं सुटून येतं.

तळपाय | १९ जानेवारी

दादा, आज उघडला. चहाचा चमचाभर निघालं. पुढचा मार्चमध्ये, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, एकादशीच्या शेजारी. आईच्याच अक्षरात.